खुंटावरचा शिक्का

पावसाळा सरता सरता झाडांच्या बुडाशी भुसा दिसायला लागला. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पण महिनाभरात तो चिमटीचा मूठभर झाला, मग घोट्याएवढा साचायला लागला, आणि उतारावरची जुनी झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. खोडाला कान लावला की आत कुरकुर ऐकू येई. बोटाएवढी अळी आत बसून खात होती. उन्हाळ्यात तिचा भुंगेरा होणार, भुंगेरा उडून शेजारच्या झाडावर अंडी घालणार आणि पुढल्या वर्षी ते झाड जाणार. थोरल्यानं नोकरीच्या सव्वीस वर्षांत वणवे पाहिले होते, चोरटी तोड पाहिली होती, चराईवरून फुटलेली डोकी पाहिली होती. हे पाहिलं नव्हतं. वणवा निदान दिसतो तरी.

थोरला वनरक्षक होता. डोंगराचा तो सगळा उतार आणि खालच्या ओढ्यापर्यंतचं रान त्याच्याकडे होतं. वरून हुकूम आला की कीड लागलेली झाडं भुंगेरे बाहेर पडायच्या आत तोडून, ओढून, रानाबाहेर न्यायची. वाळलेली आधी, मग अर्धी वाळलेली. हिरव्या झाडांना हात लावायचा नाही, कारण अंगात रस असला तर झाड अळीला डिंकात बुडवून मारतं आणि वाचतं. थंडी पडली तेव्हा दुसरा हुकूम आला. हिरवं असलं तरी घोट्याएवढा भुसा असेल तर तोडा.

कुठलं झाड जाणार आणि कुठलं राहणार हे थोरला ठरवायचा. तो झाडाभोवती छातीच्या उंचीवर फीत फिरवायचा, घेर वाचायचा, खडूनं फुली मारायचा. मग साल थोडी तासून शिक्क्याच्या हातोड्यानं दोन घाव घालायचा. हातोड्याच्या तोंडावर खात्याचं अक्षर उलटं कोरलेलं होतं, ते लाकडात सुलटं उमटायचं. एक शिक्का छातीशी, एक अगदी बुडाशी. छातीशी असलेला ओंडक्याबरोबर जायचा, बुडाशी असलेला खुंटावर राहायचा. पुढं कधीही कुणी येऊन विचारलं की हे झाड कुणाच्या परवानगीनं तोडलं, तर खुंट उत्तर देणार. बिनशिक्क्याचा खुंट म्हणजे चोरी. मग तोडणारा कुणी का असेना.

तोडणाऱ्या टोळीत त्याचा धाकटा भाऊ होता. उंच, हाडापेरानं मोठा, पुढच्या दोन दातांत फट. थोरला झाडाला फीत लावू लागला की धाकटा करवतीवरून मान वर करून विचारायचा, "शिंपीदादा, बाही किती ठेवायची?" टोळी हसायची. हळूहळू सगळं रान त्याला शिंपी म्हणायला लागलं. मुकादमसुद्धा. थोरला हसायचा नाही, पण चिडायचाही नाही.

घर एकच होतं, बिऱ्हाडं दोन. मधे ओटा, एका अंगाला थोरल्याची खोली, दुसऱ्या अंगाला धाकट्याची, मागं सामाईक स्वयंपाकघर. थोरल्याला मूलबाळ नव्हतं. धाकट्याला एक मुलगी होती, सात वर्षांची, ती कुठल्या खोलीत झोपेल याचा नेम नसायचा. धाकटी, म्हणजे भावाची बायको, खात्याच्या रोपवाटिकेत हंगामी कामाला जायची, पिशव्यांत माती भरायला. सकाळी थोरली, थोरल्याची बायको, चार डबे भरून ओट्यावर ओळीनं ठेवायची आणि ज्यानं त्यानं आपापला उचलायचा. कुणाचा कुठला हे झाकणांच्या पोच्यांवरून कळायचं.

त्या शुक्रवारी कचेरीतून निरोप आला की तपासणी आहे, सगळ्या गार्डांनी हातोडे जमा करावेत, सोमवारी परत मिळतील. थोरल्यानं संध्याकाळी हातोडा नेऊन दिला आणि पावती घेतली.

शनिवारी टोळी आली होती, ट्रक आला होता, आणि आधीची शिक्क्याची झाडं दुपारच्या जेवणाआधीच संपली. थोरला पुढं पुढं फीत लावत आणि खडूची फुली मारत चालला होता. चारशे दहा, अकरा, बारा. चारशे तेरावं झाड हिरवंगार होतं. वर बघितलं तर काही झालंय असं वाटू नये. खाली घोट्याच्या वर भुसा. थोरल्यानं फुली मारली, वहीत घेर लिहिला आणि शिक्क्याचा रकाना रिकामा ठेवला. त्याच्या उजव्या बुटात सकाळपासून खडा रुतत होता. तो एका दगडावर बसून बूट काढत होता तेवढ्यात मुकादम वर आला.

मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्यामागं ट्रकवाल्याचा तगादा होता. तो म्हणाला, माणसं हात बांधून बसलीत, ट्रक अर्धा रिकामा आहे, सोमवारी हातोडा येणारच आहे, खुंट काही पळून जात नाही. खडू झालाच आहे तर करवत लावू का?

धाकटा दहा पावलांवर उभा राहून पाणी पीत होता. त्यानं भांडं खाली केलं आणि भावाकडे पाहिलं.

थोरल्यानं बूट उलटा करून झटकला. खडा पडला नाही. "लावा," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांत त्यानं बिनशिक्क्याच्या झाडाला कधी करवत लावू दिली नव्हती. त्या दिवशी त्याला असं काही वाटलंही नाही की आपण काही वेगळं बोललो. बूट घालून तो पुढच्या झाडाकडे गेला.

धाकट्यानं आणि त्याच्या जोडीदारानं उताराच्या बाजूला खाच घेतली, मग मागून करवत लावली. करवतीचा आवाज थोरल्याच्या कानाला इतका सवयीचा होता की तो चालू असताना ऐकू येत नसे, थांबला की ऐकू येई. चार बोटं लाकूड राहिलं की झाड बोलतं, माणसं करवत सोडून बाजूला होतात, आणि झाड खाचेकडे झुकतं. हे झाड चार बोटं राहायच्या आधीच बोललं. आतून पोखरलेलं खोड कापापासून उभं फाटत वर गेलं आणि त्याची अर्धी फाक मागं आली. जोडीदारानं करवत सोडून उडी मारली. धाकट्यानं आपल्या बाजूची मूठ धरून ठेवली होती.

थोरला फीत झाडाभोवती धरून उभा होता. आवाज चुकीचा आहे एवढं त्याला कळलं. तो वळला तेव्हा झाड पडून झालं होतं आणि पानं अजून खाली येत होती.

ओंडक्यांसाठी आलेल्या ट्रकमधून त्यांनी धाकट्याला नेलं. फळ्यांवर सालीचा चुरा होता, तो त्याच्या केसांत, कानांत गेला. थोरला शेजारी बसला आणि खड्ड्यातून जाताना डोकं हलू नये म्हणून त्यानं ते दोन्ही हातांत धरलं. डोकं जड होतं. त्याचे हात भरून आले, मग बधिर झाले, पण त्यानं पकड सोडली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत बाहेर येऊन जे सांगितलं ते थोरल्याला ट्रकमध्येच माहीत होतं. एका बाईनं त्याला कागद दिला आणि नातं लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं, वनरक्षक. तिनं खोडून भाऊ लिहायला लावलं.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. धाकटी ओट्यावर बसली होती, रोपवाटिकेतून तशीच उठून आलेली, हाताला कोपरापर्यंत माती. ती रडत नव्हती. बायका तिला रड, रड म्हणत होत्या. थोरली मुलीला घेऊन आत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला पोचवून सगळे परत आले तेव्हा धाकटीनं न्हाणीत जाऊन हात धुतले. बराच वेळ आत पाण्याचा आवाज येत राहिला.

पुढचे तीन दिवस माणसं येत जात होती. प्रत्येकजण तेच विचारायचा, कसं झालं. जोडीदारानं सांगितलेलं लोकांच्या तोंडी फिरून पुन्हा ओट्यावर यायचं आणि प्रत्येक फेरीत थोडं बदलायचं. शिक्का नव्हता म्हणे. गार्ड सोमवारचं बोलला होता म्हणे. यानंच घाई केली. पहिल्यापासून धसमुसळाच. थोरला खांबाला टेकून बसलेला असायचा. लोक हे त्याच्यासमोर बोलत, आणि मग त्याच्याकडे बघून आवाज खाली आणत, जणू त्याला भावाची निंदा सहन होणार नाही. तो काही बोलला नाही. बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. तोंड उघडायला जे काही लागतं ते त्याच्यात नव्हतं. समोर ठेवलेला चहा तो प्यायचा. दाढी वाढली होती ती थोरलीनं सांगितल्यावर केली. गणवेशाच्या बाहीवरचे डाग थोरलीनं दोनदा धुतले तरी गेले नाहीत, मग तिनं बाही दुमडून शिवून टाकली.

पाचव्या दिवशी तो कामावर गेला आणि आधी त्या जागी गेला.

झाड तसंच पडलेलं होतं, पंचनाम्यासाठी हलवलं नव्हतं. फाटलेल्या खोडातून रस सुटून वाळला होता. अळ्यांनी आत केलेल्या वाटा उघड्या पडल्या होत्या, एकीत एक, तळहातावरच्या रेषांसारख्या. थोरला खुंटापाशी उकिडवा बसला. भुसा पायांनी तुडवला गेला होता. तिथं रक्त असेल असं त्याला वाटलं होतं, पण तिथं काही नव्हतं, कुणीतरी माती ओढली होती.

खुंटावर शिक्का होता.

त्यानं बोट फिरवलं. खात्याचं अक्षर, खाली आकडा, थोडा तिरका. उभ्या झाडावर शिक्का मारला की घावाच्या कडेनं डिंक फुटतो आणि दोन दिवसांत तिथं गोटासारखी कड धरते. इथं कड नव्हती. लाकूड मेल्यावर मारलेला शिक्का होता. पडलेल्या खोडावर छातीच्या उंचीवर बघितलं, तिथंही होता. मागच्या चारशे दहा, अकरा, बारालाही होते. कुणीतरी येऊन शनिवारचं सगळं काम पुरं करून गेलं होतं.

थोरला तिथं बसून राहिला. थोड्या वेळानं त्याला आठवलं की आपण वही उघडली पाहिजे. पण वही कचेरीत होती, चौकशीसाठी नेलेली.

कचेरीत त्याला बाकावर बसवलं. तो बाक त्याच्या ओळखीचा होता, सव्वीस वर्षं तो पगारपत्रकापासून बदलीपर्यंत सगळ्यासाठी त्याच बाकावर बसला होता. तासाभरानं आत बोलावलं. साहेब वयानं त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, सज्जन, कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्यांनी त्याला खुर्ची दिली. आजवर कुणी साहेबानं त्याला खुर्ची दिली नव्हती. तो टोकाशी टेकला आणि टोपी मांडीवर ठेवली.

साहेबांनी झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग वही उघडून त्याच्याकडे फिरवली. चारशे तेराच्या ओळीत घेर त्याच्या अक्षरात होता. पुढं शिक्क्याच्या रकान्यात बरोबरची खूण होती, जरा निळसर शाईची. खाली चारशे चौदाची ओळही होती, घेरासकट, त्याच्याच अक्षरात. ती आपण कधी लिहिली हे त्याला आठवेना. ते झाड पडलं त्या वेळी तो चौदाव्यालाच फीत लावून उभा होता. म्हणजे नंतर कधीतरी, भावाला ट्रकमध्ये ठेवायच्या आधी, त्यानं वही काढून घेर लिहिला होता.

साहेब सांगत होते की सगळं नियमात बसतंय. झाड अधिकृत, टोळी अधिकृत, कामावर असताना झालेला मृत्यू. बाईंना रोपवाटिकेत कायम घेता येईल, राहायला खोलीही मिळेल. फक्त या निवेदनावर सही हवी. शुक्रवारी सकाळी, हातोडा जमा करण्यापूर्वी, आपण चारशे दहा ते तेरा या झाडांवर शिक्के मारले.

थोरल्यानं निवेदन वाचलं. टंकलेलं होतं, एकही चूक नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "शिक्का नव्हता. मुकादमानं विचारलं, करवत लावू का. मी लावा म्हणालो."

बाहेर कारकून कुणाला तरी पाणी आणायला सांगत होता. मग साहेब उठले, दार लोटलं आणि परत येऊन बसले. ते हळू आवाजात म्हणाले, की हे लिहून घेतलं तर झाड बेकायदा होतं. झाड बेकायदा झालं की तोडणारा आला त्यात. तुमच्यावर चौकशी बसेल ती बसेल, पण तो निकाल लागेपर्यंत त्या बाईंचं सगळं अडकून राहील, दोन वर्षं, चार वर्षं, आणि शेवटी काय होईल मी सांगू शकत नाही.

"खुंटावर शिक्का आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही काय म्हणालात ते आता कुणाच्या कामाचं नाही."

थोरल्यानं सही केली. त्याची सही नेहमी शेवटच्या अक्षराशी वर जायची, तशीच गेली. बाहेर आल्यावर कारकुनानं त्याला हातोडा परत दिला आणि शुक्रवारची पावती मागितली. ती त्यानं खिशातून काढून दिली. कारकुनानं ती त्याच्यासमोर फाडली.

घरी त्यानं थोरलीला सगळं सांगितलं. ती धान्य निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली की सही केलीत हे चांगलं केलंत, आता कुणापाशी बोलू नका, तिचं काम होतंय ते होऊ द्या. थोड्या वेळानं म्हणाली, जाणूनबुजून थोडंच केलंत. मग बराच वेळ सुपात नुसती बोटं फिरवत राहिली, खडे तसेच ठेवून.

थंडी सरली. थोरला रोज रानात जात होता. पाचशे झाली, सहाशे झाली. उन्हं तापायला लागली तसं पाडलेल्या झाडांच्या रसाच्या वासानं भुंगेरे यायला लागले. हेही खात्याच्या योजनेतच होतं. मुद्दाम काही झाडं पाडून त्यांची साल ठेचून ठेवायची, भुंगेरे वासानं येऊन रस पिऊन झिंगतात, मग माणसांनी ते वेचून मारायचे. बायका डबे घेऊन वेचत होत्या. थोरला देखरेख करायचा. भुंगेरा लांब मिशांचा, तपकिरी, चिमटीत धरला की चिरचिर आवाज काढायचा. बायका त्याची मान मोडून डब्यात टाकायच्या. दिवसाला हजारोंनी. थोरल्याला पूर्वी असल्या कामाची किळस आली असती. आता तो ओंडक्यावर बसून मोजणी लिहून घ्यायचा. कधी एखादा भुंगेरा त्याच्या बाहीवर चढून दुमडलेल्या शिवणीपर्यंत जायचा, तो बघत राहायचा. मुकादम त्याच्याशी आता फार अदबीनं बोलायचा. शिंपी कुणीच म्हणत नव्हतं.

घरात डबे तीन झाले होते. जेवताना धाकटी मुलीला घास भरवायची, जरी मुलगी आता हातानं जेवत होती. थोरल्याला वाढताना ती पूर्वीसारखंच विचारायची, दादा, अजून वाढू? तो मान हलवायचा. तिच्याकडे बघायचं तो टाळत नव्हता. तिच्याकडे बघितलं तरी आत काही हलत नव्हतं, याचीच त्याला भीती वाटायची, आणि ती भीतीसुद्धा लांबून कुठून तरी आल्यासारखी वाटायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर धाकटीच्या हातात हुकूम पडला. कायम, रोपवाटिका, राहण्यास खोली. ती म्हणाली की मी खोलीवर जाते, रोजची चाल वाचेल, शाळाही तिकडून जवळ आहे. थोरली खूप बोलली, मग रडली. धाकटीनं ऐकून घेतलं आणि ट्रंक भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी थोरला रोपवाटिकेवर खोली बघायला गेला. दाराची कडी बसत नव्हती, ती त्यानं ठोकून बसवली. धाकटी बाहेर सावलीच्या जाळीखाली काम करत होती. पिशवी उघडायची, खत मिसळलेली माती ओंजळीनं भरायची, दोनदा आपटायची, ओळीत ठेवायची. डोंगरावर जी झाडं गेली तिथं पुढल्या पावसात लावायला हीच रोपं जाणार होती. थोरला येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं एक पिशवी उचलली आणि भरायला लागला. दोघांनी पाचसात पिशव्या भरल्या.

मग त्यानं सांगितलं. शिक्का नव्हता, तो नंतर मारला. बूट काढत होतो. मुकादमानं विचारलं आणि मी लावा म्हणालो. त्यानं एवढंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. थोरली आणि साहेब सोडून तिसऱ्या माणसाला तो पहिल्यांदाच सांगत होता आणि त्याचा आवाज मोजणी सांगताना येतो तसाच येत होता.

धाकटीचे हात थांबले.

"ह्यांनी ऐकलं होतं का?" तिनं विचारलं. "तुम्ही लावा म्हणालात ते?"

"ऐकलं. माझ्याकडेच बघत होता."

"मग बरं," ती म्हणाली.

थोरल्याला कळलं नाही. ती पुन्हा पिशवी भरायला लागली आणि भरता भरता बोलत राहिली, सावकाश, त्याच्याकडे न बघता. सगळे म्हणतात ह्यांनी घाई केली. जोडीदार तेच म्हणतो, मुकादम तेच म्हणतो. पोरीला शाळेत कुणी म्हणालं की तुझ्या बापाला काम कळत नव्हतं, बिनशिक्क्याचं झाड तोडायला गेला आणि मेला. ती मला विचारते, मी काय सांगणार. मलाही तेच वाटत होतं. रोज सकाळी उठले की त्यांचा राग यायचा मला. मेलेल्या माणसाचा. कशाला घाई केलीत म्हणून.

तिनं पिशवी दोनदा आपटली आणि ओळीत ठेवली.

"पोरीला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगणार नाही."

ट्रंक न्यायला दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, थोरला निघाला. डोक्यावर ट्रंक, मागं धाकटी गाठोडं घेऊन, पुढं मुलगी. ओढ्यापाशी पोचेपर्यंत मुलगी काहीबाही बोलत होती, रोपवाटिकेत एक कुत्री व्यायली आहे, तिच्या पिल्लांपैकी एक पांढरं आहे, ते ती घेणार आहे. चढ लागला तशी तीही गप्प झाली. खोलीपाशी पोचल्यावर थोरल्यानं ट्रंक उतरवून आत भिंतीला लावली. धाकटीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि ती गाठोडं सोडायला आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.

थोरला पायरीवर बसला. मानेला रग लागली होती. मुलगी समोर उभी राहून मातीत पायाच्या अंगठ्यानं रेघा ओढत होती.

त्यानं तिला बोलावलं. ती आली. तिच्या तोंडाकडे बघून त्याला दिसलं की पुढचे नवे दात आलेत आणि त्यांच्यात फट आहे. हे त्याच्या आधी लक्षात आलं नव्हतं, रोज एका ओळीत जेवत असून.

"तुझ्या बाबांनी घाई केली नव्हती," तो म्हणाला. "झाडावर शिक्का नव्हता. पण मी सांगितलं, तोडा. मी गार्ड होतो. मी सांगितलं म्हणून त्यांनी तोडलं."

मुलीनं ऐकलं. आत गाठोड्याची गाठ सोडण्याचा आवाज थांबला होता.

"तुम्ही सांगितलं म्हणून?"

"हो."

तिनं विचार केला. मग मान डोलावली, एखादी गोष्ट पटल्यासारखी.

"बाबा तुमचं ऐकायचेच, काका," ती म्हणाली. "आमचं कुणाचं नाही ऐकायचे. तुमचं ऐकायचे."

आणि ती पिल्लू बघायला पळाली.

थोरल्याला उठायचं होतं, परत जायला दोन तास लागणार होते. त्यानं पायरीवर हात टेकला. पहिल्यांदा त्याची हनुवटी हलायला लागली, मग खांदे. त्यानं तोंडावर बाही धरली. आतून धाकटी दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली. ती आत गेली नाही.